रिकाम्या हातांनी या, पण या

पत्र:

माझं माहेर आणि सासर दोन्ही कोकणातल्या खेड तालुक्यातलं. मिस्टर २०१६ मध्ये सौदीला गेले, रियाधला. त्यांना एसीचं काम येतं. गावातल्याच एकानं आझाद व्हिसा (कागदावर एक मालक, काम बाहेर कुठंही) आणून दिला, त्याला दीड लाख दिले. थोडे माझे दागिने मोडून, बाकी पतपेढीतून. २०१८ मध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर येऊन गेले, ते शेवटचे. पुढच्या वर्षी कफिलानं, म्हणजे व्हिसा ज्याच्या नावावर त्या मालकानं, इकाम्याचे (तिथं राहायच्या परवान्याचे) पैसे घेतले आणि इकामा केलाच नाही. पैसे परत मागितले तर हुरूब लावला, म्हणजे कामगार पळाला अशी नोंद केली. तेव्हापासून ते खल्ली वल्ली, म्हणजे बिनकागदाचे, आहेत. मिळेल तिथं काम करतात, एका खोलीत नऊ जण राहतात. पैसे पाठवतात, पण कधीकधी दोन-दोन महिने काहीच येत नाही.

गेल्या रमजानमध्ये सासरे गेले. मय्यत निघाली ती यांनी मोबाइलवर बघितली, दिरानं फोन धरला होता. माती द्यायच्या वेळी यांनीच फोन बंद केला. मग चार दिवस फोन नाही.

मुलगी नववीत आहे. तिला सांगितलंय की कंपनी सुट्टी देत नाही. गावात म्हणतात, तिकडे दुसरी केली असेल. सासूबाई रोज विचारतात. मी विचारलं की म्हणायचे, घराचा स्लॅब घालून झाला की येतो. स्लॅब झाला. आता म्हणतात, वरचे चिरे लागू देत. त्यात आता शुगर निघालीय आणि डॉक्टरकडे जात नाहीत. मला रागही येतो आणि रात्रीची झोपही लागत नाही. त्यांना या म्हणू की नको? पकडले गेले तर काय करतील? आणि धाकटा दीरही आझाद व्हिसावर जायचं म्हणतोय, त्याला कोण समजावणार?

– एक बहीण, खेड


ताई,

या म्हणा. स्पष्ट म्हणा आणि आताच म्हणा. फक्त आजवर जसं म्हणत आलात तसं नको.

"कधी येणार?" हा प्रश्न तुम्ही काळजीनं विचारता, सासूबाई मायेनं विचारतात. पण जो माणूस घरातलं सोनं मोडून गेला, त्याच्या कानावर तो "काय घेऊन येणार?" असा पडतो. आधी स्लॅब, मग चिरे, उद्या कदाचित ग्रिल आणि रंग. तो तुम्हाला फसवतोय असं मला तुमचं पत्र वाचून वाटत नाही. आपण आता गेलो की परत सौदीला येणं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या एकाच फेरीत सगळं पुरं करून जावं, असं त्यानं मनाशी धरलं आहे. आखातात अडकलेल्या कितीतरी माणसांना हुरूबाइतकंच या लाजेनंही अडवून ठेवलेलं असतं. हुरूब तुम्हाला काढता येणार नाही, लाज मात्र तुम्ही काढू शकता.

त्यासाठी नेमके शब्द वापरा. "कर्ज किती राहिलंय ते मला माहीत आहे, आपण दोघं मिळून फेडू. घर आहे तसं राहू दे. हात हलवत या." हे बोलताना सासूबाईंना शेजारी बसवा आणि त्यांनाही बोलू द्या. आईनं "रिकामा ये, पण ये" म्हटलं की मुलाच्या छातीवरचं अर्धं ओझं उतरतं. एका फोननं होणार नाही. पहिल्यांदा तो विषय बदलेल, नेटवर्क नाही म्हणेल. दर शुक्रवारी तेच आणि तसंच म्हणत राहा.

आता सासऱ्यांविषयी. माती द्यायच्या वेळी त्यानं फोन बंद केला, हे तुम्हाला लागलं असणार. त्या क्षणी त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, ताई. थोरला मुलगा असून बापाच्या कबरीत मूठभर माती टाकता आली नाही, आणि भोवती आठ जणांची खोली, जिथं मोकळेपणानं रडायलाही जागा नाही. ते चार दिवस त्याला माफ करा. आणि एक मागणं आहे: "अब्बांच्या वेळी तरी यायचं होतं" हे वाक्य घरात कुणीही, भांडणातसुद्धा, वापरू नका. त्याऐवजी अब्बांविषयी बोला. शेवटच्या आठवड्यात ते काय खात होते, कुणाचं नाव घेत होते, कबर कुठल्या बाजूला आहे. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसेल.

गावाला काय सांगायचं? त्याआधी हे घडलं कसं, ते तुम्हाला स्वतःला नीट उमजायला हवं. कारण कुठंतरी तुम्हालाही वाटतंय की चूक त्याचीच असावी. आझाद व्हिसा नावाला आझाद. कागदावर माणूस एका कफिलाचा कामगार असतो, प्रत्यक्षात बाहेर काम शोधतो आणि इकामा टिकवायचा म्हणून कफिलाला पैसे देत राहतो. सौदीच्या कायद्यानं कफिलाखेरीज दुसरीकडे काम करणं हाच गुन्हा, म्हणजे माणूस विमानातून उतरतो तेव्हापासूनच त्याची मान दुसऱ्याच्या हातात असते. त्यात २०१८ पासून सौदी सरकारनं परदेशी कामगारांवरचा मासिक आकार वाढवत नेला. त्या वर्षी माणशी ३०० ते ४०० रियाल, २०२० पर्यंत ७०० ते ८००. हा आकार कायद्यानं मालकानं भरायचा, पण आझाद व्हिसावाल्याच्या बाबतीत तो भरतो कामगारच. अनेक कफिलांनी पैसे घेतले, इकामे केले नाहीत, आणि कामगारानं तोंड उघडलं की "पळून गेला" अशी नोंद करून मोकळे झाले. तुमच्या मिस्टरांची गोष्ट त्यातलीच आहे. ते कुणाच्या घरात शिरले नाहीत, कुणाचं काही उचललं नाही. पैसे भरूनही त्यांचा कागद दुसऱ्यानं बुडवला.

तेव्हा कुणी विचारलं तर एवढंच सांगा, "कफिलानं इकाम्याचे पैसे खाल्ले, म्हणून अडकलेत. सोडवायचं बघतोय." तुमच्याकडच्या गावांत घरटी कुणी ना कुणी आखातात असतं, हे वाक्य ऐकून पाचातले दोघं तरी मान खाली घालून म्हणतील, आमच्याकडेही असंच झालं होतं. दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर नऊ जणांच्या खोलीत राहून, आजारपणात डॉक्टर टाळून, चिऱ्यांना पैसे पाठवणाऱ्या माणसाचा संसार खेड तालुक्यातच आहे, असंच मी तुमच्या पत्रावरून म्हणेन. फक्त तो कुठल्या भागात राहतो, कुणाकडे काम करतो, हे गावात किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कुणाला सांगू नका. सौदीचं गृहखातं दर आठवड्याला धरपकडीचे आकडे जाहीर करतं. अलीकडे ते बहुतेक आठवड्यांत २० हजारांच्या आसपास असतात.

आणि धरपकडीत सापडणं व आपणहून जाणं, यात फार फरक आहे. पकडला गेला तर तर्हीलमध्ये, म्हणजे माणसं परत पाठवायच्या केंद्रात, किती दिवस राहावं लागेल ते त्याच्या हातात नाही. खोलीवरचं सामान, कुणाकडे राहिलेली मजुरी, सगळं जिथल्या तिथं राहतं. आपणहून गेला तर निदान बॅग भरून, हिशेब मिटवून, तुम्हाला तारीख सांगून येईल. दोन्हीकडे बोटांचे ठसे घेतात, आणि पुन्हा कामाच्या व्हिसावर सौदीत जायचं नाही, हे धरूनच चालायचं. त्यालाही ते माहीत आहे. पण त्याच्या तोंडून ते एकदा बाहेर येऊ द्या, म्हणजे "अजून थोडं थांबून बघतो" हे संपेल.

आता कागद. हे काम इथं बसून तुम्हाला करता येतं, आणि मला वाटतं ते तुमच्या झोपेसाठीही बरं. कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढा. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, पहिल्या व्हिसाचं पान, जुन्या इकाम्याचा फोटो (नसेल तर निदान इकामा नंबर, तो २०१८ च्या तिकिटाबरोबर कुठंतरी लिहिलेला सापडेल), कफिलाचं नाव आणि मोबाइल, करारनामा असेल तर तो, आणि जाताना झालेल्या एमिग्रेशन क्लिअरन्सचा कागद. तो दहावी नसेल तर त्याचा पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे कामासाठी जाण्याआधी ही सरकारी मंजुरी लागणारा, असणार. मग रीतसर गेला असल्यास सरकारच्या ई-मायग्रेट नोंदीत मालकाचं नाव असायला हवं. एजंटानं तो टप्पा टाळून पाठवलं असेल तरी घाबरू नका, दूतावासाची मदत त्यामुळे नाकारली जात नाही.

हे घेऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" या पोर्टलवर तक्रार नोंदवा. ते २०१५ पासून चालू आहे आणि घरच्या माणसाला इथून तक्रार करता येते. कॉलेजातला एखादा भाचा-पुतण्या जवळ बसवा, तासाभराचं काम आहे. तक्रारीला क्रमांक मिळतो, पुढची विचारपूस त्या क्रमांकावर करता येते. फोनवर विचारायचं असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९० हा आहे. तक्रारीत रडगाणं लिहू नका, तारखा लिहा: कधी गेले, इकामा कधी संपला, पैसे कधी आणि किती दिले, हुरूब कधी लागला, आता तब्येत कशी आहे. शुगरचं जरूर लिहा.

त्याच वेळी तिकडे त्यानं रियाधच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायचं. (जेद्दा, मक्का, मदिना या पश्चिमेकडच्या भागातल्यांना जेद्दाचं वाणिज्य दूतावास, तुमचं काम रियाधला.) इकामा संपलेल्या आणि हुरूब लागलेल्या लोकांची नावं दूतावास तिथल्या कामगार कार्यालयाकडे नेतो आणि फायनल एक्झिट, म्हणजे देश सोडून कायमचं परतायची परवानगी, मिळवून देण्याचा प्रयत्न करतो. पासपोर्ट कफिलाकडे अडकलेला असो की मुदत संपलेला, दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो आणि त्यावर एकदा भारतात परतता येतं. याला काही महिने लागू शकतात. मधे काहीच हालचाल दिसत नाही असे आठवडे जातील, तेव्हा सगळे मिळून त्याला "बघ, काही होत नाही" म्हणायला लागतील. तेव्हा तुम्ही म्हणू नका.

एक गोष्ट त्यानं आधीच तपासून घ्यायची. आपल्यावर हुरूबच आहे की शिवाय मतलूबही, म्हणजे पोलिसात किंवा कोर्टात काही केस आहे का. कर्जाची, गाडीच्या दंडाची किंवा कफिलानं घातलेली केस निघाली तर ती मिटल्याशिवाय एक्झिट लागत नाही. हे विमानतळावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. दंड किंवा तिकिटाचे पैसे नसले तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू कामगाराचं तिकीट, आणि त्याचा दोष नसताना लागलेला छोटा दंड त्यातून देता येतो. मात्र तो मागावा लागतो. आपली माणसं तिथपर्यंत जातात आणि संकोचानं काही न बोलता परत येतात.

रियाधमधल्या बत्हाच्या गल्ल्यांत कुणीतरी भेटेल आणि म्हणेल, पाच हजार रियाल दे, हुरूब काढून देतो. पतपेढीचं कर्ज असलेल्या घरानं असल्या माणसाच्या हातात एक रियालही ठेवायचा नाही. आधीही पैसे याच भरवशावर गेले आहेत.

सरकारी माफीची वाट बघत बसू नका, असंही त्याला सांगा. कारण तो तेच म्हणत असणार. २०१३ मध्ये सौदीनं मुदत दिली तेव्हा लाखाहून अधिक भारतीय परतले. २०१७ मध्ये दंडाशिवाय आणि ठशांच्या बंदीशिवाय जाऊ दिलं. २०२४ मध्ये कुवेत आणि संयुक्त अरब अमिरातींनी मुदत दिली. अशी मुदत जाहीर झाली तर पहिल्याच आठवड्यात रांगेत उभं राहायचं, शेवटच्या आठवड्यात तिकिटं मिळत नाहीत आणि काउंटरपर्यंत पोचता येत नाही. पण पुढची कधी येईल, हे कुणाच्या हातात नाही, आणि शुगर तोपर्यंत थांबणार नाही.

तब्येतीचं उद्याच करा. तो जी गोळी घेतोय तिच्या पाकिटाचा फोटो मागवा, नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा. दिवसातून किती वेळा घेतो, जेवणाआधी की नंतर, हे विचारा आणि खेडमधल्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा. खोलीतल्या कुणाकडे साखर तपासायचं छोटं यंत्र असेल तर उपाशीपोटीचा आकडा पाठवायला सांगा. इकामा नाही म्हणजे विमा नाही, म्हणून तो दवाखाना टाळतो, हे समजण्यासारखं आहे. पण पायाला जखम झाली, डोळ्यापुढं अंधारी आली, छातीत दुखलं, तर इकाम्याचा विचार न करता सरकारी इस्पितळात जायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. आणि खोलीतल्या एकाचा नंबर तुमच्याकडे ठेवा. तो चार दिवस गप्प बसला तर विचारायला कुणीतरी हवं.

मुलीला खरं सांगा. नववीतली मुलगी "कंपनी सुट्टी देत नाही" यावर केव्हाच विश्वास ठेवत नसते; ती फक्त तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून गप्प असते. शिवाय तिच्या कानावर ते दुसऱ्या लग्नाचं नक्की आलं असणार, शाळेत कुणीतरी बोललं असणारच. तिनं मनात काय धरलंय, याचा विचार करा. पप्पांचे कागद कफिलानं अडवलेत, ते आजोबांच्या वेळी यायला तडफडत होते, आपण त्यांना आणायचं बघतोय, असं सांगा. ती रडेल, कदाचित तुमच्यावर चिडेल, आणि ते रास्त आहे. मग त्या मददच्या अर्जाला तिलाच बसवा. भाचा-पुतण्या शोधायची गरज नाही, नववीच्या मुलीला तो अर्ज उत्तम भरता येईल. पप्पांना फोनवर "तुमचा तक्रार क्रमांक मी लिहून ठेवलाय" असं तिनं म्हटलं तर तिच्याही मनातली त्यांची जागा बदलेल आणि त्यांच्याही.

तुमच्या रागाविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिलं आणि पुढं गेलात. राग येणं बरोबर आहे. इतकी वर्षं सासऱ्यांचं आजारपण, पतपेढीचा हप्ता, चिऱ्याच्या गाडीवाल्याशी घासाघीस, सगळं तुम्ही एकटीनं केलंत आणि वर बोलणी खाल्लीत. तो येईल तेव्हा घर त्याला अनोळखी वाटेल, कारण ते तुम्ही उभं केलंय. पहिले काही महिने तुमची कुरबुर होईल. तो रात्री जागा राहील, पैशाचं नाव काढलं की गप्प होईल, मुलीला लहान समजून वागवेल. तेव्हा हे सगळं त्याला बोलून दाखवा, आता फोनवर नको. एसीचं काम येणारा माणूस रिकामा बसत नाही. लोटे-परशुराम एमआयडीसी तुमच्याच तालुक्यात आहे आणि खेड-चिपळूणला उन्हाळ्यात एसीवाला मिळता मिळत नाही. पगार रियालातला नसेल, एवढंच.

पैशाबाबत एक पटकन सांगते. इकामा नसल्यानं त्याला बँकेतून पाठवता येत नाही, म्हणून मित्राच्या खात्यावरून किंवा हुंडीनं येत असणार. हुंडी आपल्याकडे बेकायदा आहे आणि बुडाली तर दाद मागायला जागा नाही. एक्झिटची तयारी सुरू झाली की त्यानं पाठवणं थांबवावं आणि तिथंच तिकीट, दंड आणि औषधासाठी हाताशी ठेवावं. दोन महिने घर तुम्ही कसं चालवाल, ते आधी ठरवून त्याला सांगा, नाहीतर तो ऐकणार नाही.

धाकट्या दिराला तुम्ही समजावू नका, वहिनीचं तो ऐकणार नाही. त्याला भावाशी बोलायला लावा, एकट्याला, खोलीचं दार लावून. थोरल्यानं आजवर त्याला सगळं खरं सांगितलेलं नसेल. धाकट्यापुढं कुणाला कमीपणा घ्यायला आवडतो? पण आता सांगायला हवं. आखातात जाऊच नको असं मी म्हणणार नाही, कोकणातली कितीतरी घरं त्या पैशावर उभी आहेत. जायचं असेल तर ई-मायग्रेटवर नोंद असलेल्या एजंटाकडून, मालकाचं नाव, पगार आणि काम लिहिलेला करार हातात घेऊन, आणि विमा उतरवून. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. कुणी दीड लाख मागितले की तिथूनच परत फिरायचं. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचं सरकारी कार्यालय आहे, तिथं एजंटाचा नोंदणी क्रमांक खरा की खोटा ते विचारता येतं. व्हिसा आणून देणारा गावातला तोच माणूस असेल, तर तुमच्या मिस्टरांचं काय झालं हे त्याला चारचौघांत, जमातीसमोर विचारा. त्यानं उत्तर द्यायला हवं.

पुढच्या शुक्रवारच्या फोनला दोनच गोष्टी: आधी सासूबाईंचं बोलणं, मग इकामा नंबर आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो. बाकीचं त्यानंतर. मददचा क्रमांक मिळाला आणि महिनाभर उत्तर आलं नाही, तर मला पुन्हा लिहा, तारखांसकट.